आबांनी घरी दिलेलं मत

माझं माहेर शिरूर तालुक्यात आणि सासर दौंड तालुक्यात. मध्ये भीमा. पुलावरून निघालं तर माहेरच्या चुलीवरचा चहा उतरायच्या आत पोचावं, इतकं जवळ. पण विधानसभेला दोन्हीकडचे मतदारसंघ वेगळे आणि मतदान मात्र एकाच दिवशी. त्यामुळे लग्न झाल्यापासून मतदानाच्या दिवशी मी माहेरी कधी नव्हते. दिवाळीला गेले, जत्रेला गेले, आईच्या आजारपणात महिना महिना राहिले. तो एक दिवस राहिला तो राहिलाच. असल्या गोष्टीची हुरहुर वाटते म्हणून सांगितलं तर लोक हसतील, म्हणून मी कोणाजवळ बोलले नाही.

माहेरी मी एकदाच मत दिलंय. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा होता. आमचा मळा गावापासून लांब, ओढ्याच्या अलीकडे. शेवंती आणि झेंडूची फुलं. निवडणूक आली की हारांसाठी फुलं जायची, त्यामुळे आबा, म्हणजे माझे वडील, सगळ्या पक्षांच्या माणसांशी सारखेच गोड बोलायचे. मतदानाच्या दिवशी त्यांनी दिवस उजाडताच आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. आईनं लग्नाकार्याचं लुगडं काढलं. आम्ही तिघं बांधाबांधानं शाळेकडे निघालो.

वाटेत ओढ्याकाठी मी आबांना विचारलं, "कोणाला द्यायचं?"

ते थांबले. म्हणाले, "त्ये मला इचारू नको. मी बी तुला इचारणार न्हाई. तुझं तू बघ."

"पण मला कोण उभं आहे तेच नीट माहीत नाही."

"मग रांगेत हुभी ऱ्हा आन् इचार कर. रांग त्याच्यासाठीच असती."

आई पुढून म्हणाली, "मला बी इतक्या वर्सांत सांगितलं न्हाई त्यांनी."

शाळेत बायकांची रांग वेगळी होती. पुरुषांच्या रांगेत आबांची दोस्तमंडळी आधीच येऊन उभी होती. कोणी कोणाच्या पक्षाचं विचारत नव्हतं. पाटाचं पाणी, कांद्याची रोपं, कोणाची गाय व्याली, हेच चाललं होतं. मी त्यांच्याकडे बघत उभी होते. बाहेर आल्यावर बोटाची शाई आबांना दाखवली. त्यांनी त्यांचं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं आणि नुसते हसले. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

सासरी ऊस आणि गुऱ्हाळ. सासरे माणूस चांगले, पण मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ते ओसरीवर बसून घरातल्या सगळ्यांना चिन्ह सांगायचे. "आपल्या घरातली मतं फुटायची न्हाईत." सासूबाई मान हलवायच्या, जावा मान हलवायच्या, मीही हलवायची. आत गेल्यावर मात्र मला ओढ्याकाठी थांबलेले आबा दिसायचे आणि मी माझं मी बघायची. कधी सासऱ्यांनी सांगितलेलंच पटायचं, कधी नाही. बाहेर येऊन बोटाची शाई बघताना तिकडे आबा रांगेत लागले असतील का, आईनं कुठलं लुगडं नेसलं असेल, हे मनात यायचंच. पुढे फोन आले, मोबाइल आले. तेव्हापासून मत देऊन आले की मी फोन करायची आणि आबा शाळेतलं सगळं सांगायचे. कोण आलं होतं, कोण आजारी आहे, कोण मुलाकडे पुण्याला गेलं. मत सोडून सगळं.

आई गेली. त्यानंतरही आबा एकटे चालत जायचे. मग एकदा गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वॉकरशिवाय पाऊल उचलेना, आणि नजरही अधू झाली. वय नव्वदीला टेकलेलं. मागच्या विधानसभेच्या आधी अंगणवाडीच्या ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांचं मत आता घरी येऊन घेतात. माझा धाकटा भाऊ शिक्रापूरला कंपनीत आहे. त्यानं आबांच्या सोयीसाठीच अर्ज भरून दिला. आबांनी न वाचताच सही केली ती रेशनचं काहीतरी असेल असं समजून.

दिवाळीनंतर मी माहेरी गेले तेव्हा आबा भावाशी धड बोलत नव्हते.

"माझी शाळा बंद केली ह्यानं," मला म्हणाले.

भाऊ म्हणाला, "आबा, त्या पायऱ्या तुम्हाला चढवतील का? रांगेत उभं राहवेल का?"

"रांगेत माणसं हायती. धरतील."

एकदा घरून मत द्यायचं ठरलं की शाळेत जाऊन देता येत नाही, असं अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलेलं. आबांनी जेवण अर्ध्यावर सोडलं. वहिनी मला आत येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही दोन दिवस राहा. ते लोक येतील तेव्हा तुम्ही असलेलं बरं."

मी राहिले. मतदान घ्यायला माणसं आली ती सकाळी, गाडीतून. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा. वहिनीनं अंगण सारवलं होतं, जणू मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत. आबा आंघोळ करून, टोपी घालून खाटेवर बसले होते. मतदानाला नेसायचं धोतर त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं होतं. अधिकाऱ्यांनी स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आबा त्याच्याकडे बघत राहिले.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, आबा," साहेब म्हणाले. "कागदावर खूण करायची, पाकिटात घालायचं. वाचता येईल ना?"

आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग कागद खाली ठेवला. "अक्षरं लागंनात."

"मदतीला घरातलं कोणी घेता येईल. त्यांनी मात्र बाहेर सांगायचं नाही."

भाऊ पुढे झाला. आबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. "पोरीला ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "बाकीच्यांनी वसरीवर बसा."

साहेबांनी कोणाला न सांगण्याचं माझ्याकडून लिहून घेतलं. सगळे ओसरीवर गेले. साहेब दाराशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आडोशामागे मी आणि आबा. इतक्या जवळ आम्ही किती वर्षांत बसलो नव्हतो. त्यांच्या अंगाला साबणाचा आणि कापराचा वास येत होता.

"वाच," ते कुजबुजले.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन नावं वाचली. मोठ्या पक्षांची वाचली आणि थांबले.

"फुडची?"

"पुढचे अपक्ष आहेत, आबा."

"ती बी माणसंच हायती. वाच."

मी शेवटपर्यंत वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "आता परत वाच, सावकाश." मी परत वाचली. दाराशी साहेबांनी घसा साफ केला. आबांनी घाई केली नाही. शाळेतली रांग त्यांना मिळाली नव्हती. विचार करायचा वेळ ते असा काढत होते, असं मला वाटलं.

मग एकदम डोळे उघडून म्हणाले, "तू कुणाला देणार?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हे विचारलं. मी म्हणाले, "माझं मत तिकडं आहे, आबा. नदीपलीकडं. ही नावं माझ्याकडं नाहीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. "व्हय की," म्हणाले. "तू तिकडची. मी इसरलोच."

मी कागद सरळ केला. त्यांनी एक नाव सांगितलं, फक्त ओठ हलवून. मी त्यांच्या हातात पेन दिलं आणि वरून त्यांचा हात धरला. खूण आम्ही दोघांनी मिळून केली. कागदाची घडी त्यांनीच घातली, जुन्या काळी घालायचे तशी, अंगठ्यानं दाबून.

पाकिटं चिकटवून झाली, पेटीत गेली. वहिनीनं सगळ्यांना चहा दिला. साहेब निघताना आबा त्यांना म्हणाले, "तुमचं मत कुठं हाय?"

"आमचं टपालानं, आबा. ड्युटीमुळं शाळेत आम्हालाही जाता येत नाही."

"आरं आरं," आबा म्हणाले, आणि बाहेर गाडी सुरू होईपर्यंत हळहळत राहिले.

मतदानाच्या दिवशी मी दौंडकडे, माझ्या रांगेत होते. मत देऊन आल्यावर नेहमीसारखा फोन केला. या वेळी सांगायची पाळी माझी होती.

"रांग हाय का?" आबांनी विचारलं.

"बायकांची मोठी आहे. गुऱ्हाळावरच्या बाया सकाळीच येऊन गेल्या."

"आन् म्हातारी माणसं?"

"खुर्च्या ठेवल्यात त्यांच्यासाठी."

"खुर्च्या," ते म्हणाले. आणि फोन भावाकडे दिला. मग पलीकडून भावाचा आवाज आला, "ताई, ठेव. मी बघतो."

नंतरचं वहिनीनं संध्याकाळी फोनवर सांगितलं. भावाला सुट्टी होती. त्यानं आबांना उचलून गाडीत घातलं आणि शाळेपासून लांब, रस्त्याच्या कडेला चिंचेखाली गाडी लावली. दार उघडं ठेवलं. मत देऊन येणारे लोक थांबायला लागले. आबांच्या वयाचे दोघंच उरलेत, ते येऊन गाडीत शेजारी बसले. कोणीतरी भजी आणली. ऊन कलेपर्यंत आबा घरी चला म्हणाले नाहीत.

मी वहिनीला खोदून खोदून विचारलं, काय बोलत होते, कोण कोण भेटलं. ती म्हणाली, "काय बोलणार ताई? माणसं बघत बसले व्हते." एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. पूल जवळ होता, पण माझे यजमान अजून बुथवर आणि घरात माणसांचं येणं-जाणं. मी भाकरी थापत होते आणि मनानं त्या चिंचेखाली होते.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. दहाव्याला जमलेल्यांत ते दोघं म्हातारेही होते. त्यातल्या एकानं मला जवळ बोलावून सांगितलं, "तुझ्या बापानं त्या दिवशी गाडीत सांगितलं, लेकीचा हात धरून मत दिलं म्हणून. लई येळा सांगितलं."

पुढची विधानसभा येईल तेव्हाही दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान असेल. मी माझ्या रांगेत उभी राहीन. मत देऊन बाहेर आले की हात फोनकडे जाईल, हे मला आत्ताच माहीत आहे.