मऊ बर्फासाठी लावलेली धार

कुवेतमध्ये मी बर्फावर चालायच्या बुटांना धार लावतो. गावी हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ता ऱ्हवांदे, खरा काय करतंस ता सांग." त्यांचं चुकत नाही. बाहेर पन्नास डिग्री आणि मी आत स्वेटर घालून बसलेला, हे पहिलं वर्षभर मलाही खोटंच वाटायचं.

मी मूळचा सुतार. वडीलही सुतार. स्केटिंग रिंकभोवतीचं लाकडी कुंपण दुरुस्त करायला कंपनीने मला सहा महिन्यांसाठी आणलं. त्याच सुमारास तिथला धार लावणारा माणूस नोकरी सोडून गेला. मॅनेजरने विचारलं, पात्याला धार लावता येते का कुणाला? मी हात वर केला. रंध्याची पाती आणि पटाशा घासण्यात ज्याचं लहानपण गेलं त्याला यात अवघड ते काय, असा माझा तोरा. त्याला आता नऊ वर्षं झाली.

स्केटच्या पात्याला सुरीसारखी एकच धार नसते. पात्याच्या तळाला लांबट पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही कडा बर्फ पकडतात. पन्हळ खोल असली की पकड घट्ट, उथळ असली की पाय मोकळा सरकतो. आमच्या रिंकचा बर्फ मऊ. दिवसभर शाळांच्या सहली येतात, दाराची उघडझाप चालते, गरम वारा आत शिरतो आणि बर्फ वरून ओलसर राहतो. अशा बर्फात खोल धार रुतते आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून मी सगळ्यांना उथळ धार लावायचो. नऊ वर्षांत एकाची तक्रार आली नव्हती, आणि ते मी ज्याला त्याला सांगायचोसुद्धा.

संध्याकाळी ऑफिसं सुटली की देशाचा महिलांचा आइस हॉकी संघ सरावाला यायचा. कुणी शहरातल्या शर्क भागात बँकेत, कुणी शाळेत शिकवणारी. त्यांत एक दातांची डॉक्टर होती. जाब्रियात तिचा दवाखाना, वय अडतिशीचं, दोन मुलं. बाकीच्या आपले स्केट पेटीत टाकून जायच्या. ही स्वतः घेऊन यायची, धार होईपर्यंत शेजारी उभी राहायची आणि मग दाढ तपासावी तसं पातं उजेडात धरून बघायची. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पुढे लक्षात आलं की माझं काम इतकं निरखून बघणारं या देशात दुसरं कुणी नाही. तिचं इंग्रजी, माझी हिंदी आणि दोघांचं मिळून थोडं बाजारी अरबी, एवढ्यावर आमचं छान चालायचं. ती मला उस्ताद म्हणायची, मी तिला डॉक्टर.

संघ तोवर शेजारच्या देशांतच खेळायला गेला होता. तिथले बर्फ आमच्यासारखेच. मग थंड मुलुखातल्या हिवाळी स्पर्धांना जायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाली, "उस्ताद, एवढी वर्षं खेळते आहे, पण देशासाठी एक गोल नाही केला. आईला सांगितलंय, हा शेवटचा दौरा. एक गोल करते आणि थांबते."

"कराल की," मी म्हटलं.

"केला तर पहिल्याच सामन्यात," ती म्हणाली. "तोच एक संघ आमच्या बरोबरीचा आहे. बाकीचे बर्फातच जन्मलेत."

निघण्याआधी मी सगळ्या संघाच्या स्केटना धार लावली. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. तिची जोडी सर्वांत शेवटी केली, अगदी मन लावून. तिने नेहमीप्रमाणे उजेडात धरून बघितली आणि "तमाम" म्हणाली, म्हणजे उत्तम.

पहिला सामना आमच्या वेळेनुसार दुपारी होता. कॅन्टीनचा स्वयंपाकी माझ्याच तालुक्यातला आणि माझ्याच खोलीत राहणारा. त्याने चहाच्या थर्मासला टेकवून मोबाइल उभा केला आणि आम्ही बघत बसलो. पहिल्या पाच मिनिटांतच आमच्या मुली पडायला लागल्या. स्वयंपाकी म्हणाला, "घाबारले वाटता." मलाही आधी तेच वाटलं. मग डॉक्टर वळणावर पडली. पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी तिच्यापुढे गोलाचं तोंड मोकळं होतं, चकती काठीला लागलेली होती, आणि नेमक्या त्या क्षणी तिचा पाय खालून निसटून बाजूला गेला.

घाबरलेला माणूस पुढे पडतो. ही आडवी घसरत होती. कडा बर्फाला धरतच नव्हत्या.

तेव्हा मला कळलं. तिथला बर्फ दगडासारखा टणक, आणि मी इथल्या मऊ बर्फाची धार लावून त्यांना पाठवलं होतं. वडील गिऱ्हाइकाची पटाशी हातात घेताना पहिलं विचारायचे, लाकूड कुठलं? सागाला वेगळी धार, खैराला वेगळी. सुताराच्या पोराने नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, बर्फ कुठला? सामना मोठ्या फरकाने गेला. शेवट मी बघितलाच नाही.

स्वयंपाक्याला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "मेल्या, तू कित्याक मधी पडतंस? कोणाक कळला हा काय? इकामो संपाक इलो हा तुझो. हात दाखवून अवलक्षण कित्याक करून घेतंस?"

"पण धार माझी आसा," मी म्हटलं.

"मगे तोंडय तुझाच आसा. ता बंद ठेव."

त्याचं खोटं नव्हतं. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. माझा महिनाभरात संपत होता आणि नवा होणं मॅनेजरच्या सहीवर अवलंबून होतं. गावी धाकट्या भावाचं कॉलेज सुरू होतं. मी काही लगेच शूर झालो नाही. संध्याकाळपर्यंत बसलो, भाड्याच्या स्केटची पेटी उगाच दोनदा आवरली. नंतर सामान ठेवायच्या खोलीत जाऊन डॉक्टरला आवाजी निरोप पाठवला. हिंदी, अरबी, जे आलं त्यात. "डॉक्टर, चूक माझी आहे. तुम्ही घाबरलेल्या नाही. तिथला बर्फ कडक, माझी धार उथळ. तिथे धार लावणारा असेल, त्याला सांगा, एकदम खोल पन्हळ पाडून दे. सगळ्यांच्या स्केटना."

तासाभराने उत्तर आलं. एकच शब्द, "ओके."

पुढच्या दोन्ही सामन्यांत आमच्या मुली उभ्या राहिल्या. हरल्या, पण पायांवर उभं राहून हरल्या. डॉक्टरने शेवटच्या सामन्यात एक फटका मारला, तो गोलरक्षक मुलीने पायाने अडवला. संघ परत आला. गोल नाही.

चार दिवसांनी मॅनेजरने बोलावलं. मी मनातल्या मनात बॅग भरूनच गेलो. त्याने माझ्या कागदांवर सही केली आणि पाठ थोपटली. संघाच्या प्रमुखांचा फोन आला होता म्हणे: तुमच्या माणसाने इथे बसून पडद्यावर बघितलं आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगितलं, असा कारागीर सोडू नका. डॉक्टरने माझ्या निरोपातला अर्धाच भाग पुढे सांगितला होता. उरलेला अर्धा, म्हणजे चूक माझीच होती हे, मी सांगायला हवं होतं. मी कागद घेऊन बाहेर आलो. तेवढा काही मी हरिश्चंद्र नाही.

पण त्या सहीचा आनंद मला घेता येईना. डॉक्टर पंधरा दिवस रिंककडे फिरकली नाही. खेळ सोडायचा म्हणून येत नाही, की माझं तोंड बघायचं नाही म्हणून, कोण जाणे.

मग एका संध्याकाळी ती आली. स्केट हातात होते. मी उठून उभा राहिलो आणि पाठ करून ठेवलेलं बोलून टाकलं, "डॉक्टर, तुमचा गोल माझ्यामुळे गेला."

वाटलं होतं, ती म्हणेल, नाही रे उस्ताद, खेळात असं होतंच. ती म्हणाली, "हो. तुझ्यामुळेच गेला."

मी समोरचे भाड्याचे स्केट उगाच बाजूला सरकवले.

"दहा दिवस मला तुझा फार राग होता," ती म्हणाली. "पण ज्याने काम बिघडवलं त्यानेच आपणहून सांगावं, असं माझ्या दवाखान्यात अजून एकदाही झालेलं नाही." तिने स्केट माझ्यासमोर ठेवले. "आईला सांगितलंय, अजून एक वर्ष. खोल धार लाव. इथे रुतले तरी चालतील, पायांना सवय होऊ दे."

"पडाल," मी म्हटलं.

"पडेन."

मी यंत्र सुरू केलं, पण एवढी खोल धार मी नऊ वर्षांत कधी लावली नव्हती. म्हणून आधी भाड्याची एक जुनी जोडी घेतली, तिच्यावर हात बसवला आणि मग डॉक्टरच्या पात्यांना दगड लावला. ती शेजारी उभी राहून बघत होती.