रफिक सरांच्या नावची चादर

आता काय सांगू तुम्हाला, भलं करायला गेलो अन् जिवलग मित्राच्या पोरीची सोयरीक मोडायची वेळ आणली! मी कोण? दर सव्वीस जानेवारीला सर्वधर्मसमभावावर पाऊण तास बोलणारा मास्तर!

केदारखेड्याच्या शाळेत रफिक सर आणि मी बारा वर्षं एकत्र डबा खातो. त्यांच्या शबानाचं लग्न जमत नव्हतं, त्याचा घोर मलाही होता. तेवढ्यात दर्ग्याचा उरूस आला. म्हटलं, सरांना खूश करावं. गुपचूप हिरवी चादर आणली आणि शबानाचं लग्न जमावं म्हणून त्यांच्या नावानं दर्ग्याच्या मुजावराच्या हाती दिली. मुसलमान म्हटल्यावर दर्गा आलाच, त्यात विचारायचं काय?

थोड्या वेळानं भोंगा गरजला, "रफिक सरांतर्फे, मुलीचं लग्न जमावं म्हणून, चादर!"

मी छाती फुगवून त्यांच्या घरी गेलो. तिथं शबानाला बघायला हसनाबादचे पाहुणे आलेले! चहावर साय धरलेली.

मुलाचे आजोबा सरांना म्हणाले, "आपल्यात चादर, नवस चालत न्हाई. तुमचंबी तसंच हाय, म्हणून तर आल्तो. मंग हे काय ऐकून राह्यलो?"

सरांचा चेहरा पांढराफटक. आता तरी मी गप्प बसावं की नाही? पण मास्तर ना!

"चालत नाही कसं?" मी म्हणालो. "आमचे सर पक्के मुसलमान! दर गुरुवारी दर्ग्यावर असतात!"

सर जन्मात कधी गेले नव्हते. आत कपबशा खणकल्या.

"तुम्ही पाह्यलं?" आजोबांनी मला विचारलं.

"पाहायचं काय त्यात? चादरसुद्धा मीच दिली, त्यांना पत्ताच नाही!"

आजोबा आधी माझ्याकडं बघतच राहिले. मग इतके हसले, इतके हसले, की टोपी घसरली. "आमची बेगम चोरून दर्ग्याला जाती. तीस वर्षं झाली, समजावून राह्यलो. आता तुम्हाला कोन समजावणार?"

सोयरीक जमली हो! मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "सर, चुकलो. वाटलं, तुमच्यात सगळ्यांचं सारखंच असतं."

रफिक सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही महानुभाव पंथाचे. दुसऱ्या देवाचा प्रसाद तुम्हाला चालत न्हाई. शाळेत गणपतीचा प्रसाद वाटला की हात मागं घेणारे आपण दोघंच. मी कधी तुमच्या नावानं एकवीस मोदक चढवले का?"