आंघोळ केलेली तीन पोरं

‘तुम तीनों उधर बैठो. वास येऊन राहिला तुमचा.’

सरांनी बोट दाखवलं ते मागच्या अंगणाकडे. भांडी घासायच्या दगडाशेजारी. तिथे एक कुत्रं बसलं होतं. तीन पोरांनी आपापली ताटं उचलली आणि मुकाट निघाली. त्यातली एक माझी मुलगी.

मला म्हणाले, ‘काका, तुम्हीही जा त्यांच्यासोबत. तुम्हाला बरं वाटेल.’

बरं वाटेल. शब्द त्यांचे आहेत. मी जसेच्या तसे ठेवलेत.

ही कॉलेजची अभ्यास सहल. गोंदिया जिल्ह्यातून थेट कोकणातल्या एका खाडीवर, तिथलं पर्यावरण शिकायला. बत्तीस विद्यार्थी, एक सर, आणि पालक म्हणून मी. आम्ही ढिवर. इटियाडोह धरणाच्या तळ्यात जाळं टाकणारी आमची घरं. मी गावच्या मच्छीमार सोसायटीचा हिशेब बघतो.

त्या दिवशी भल्या सकाळी पोचलो, उतरायच्या घरी सामान टाकलं आणि सरळ खाडीवर गेलो. ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता. त्यात मांडीपर्यंत रुतून गाळ काढायचा, चाळायचा, सापडलेले किडे-शिंपले बाटलीत भरायचे. सरांनी हजेरीतली आडनावं वाचली आणि तिघांना उतरवलं. तिघंही ढिवरांची.

‘तुम लोगों को तो आदत है.’

आदत कसली? तळ्याला ओहोटी नसते. माझ्या पोरीनं समुद्र त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिला. गोंदियापासून समुद्र सगळ्या जातींना सारखाच लांब आहे. पण एवढा हिशेब शिकलेल्या माणसाला जमत नाही. ते टोपी घालून धक्क्यावर उभे राहिले. मागे एकोणतीस पोरं, मोबाईल काढून. खडकाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपल्यानं माझ्या पोरीचा पाय कापला. सर वरून ओरडले, ‘बाटली सांभाळ!’

वर आल्यावर तिघांनी विहिरीवर आंघोळ केली. साबण लावून. धुतलेले कपडे घातले. बाकीचे रेल्वेतून उतरले तसेच जेवायला बसले, प्रवासाच्या घामासकट.

आणि वास आमचा.

अंगणात मी ताट घेऊन उभाच राहिलो. मुलगी हळूच म्हणाली, ‘बसा जी बाबा. चूप रहा. इंटरनलचे मार्क त्याईच्या हातात आहेत.’

खरं होतं. तोंड मी उघडलं असतं आणि नुकसान तिचं झालं असतं. तिला पुढे एम.एस्सी. करायची आहे. म्हणून तिलाच विचारलं, ‘मी बोलू काय?’

तेवढ्यात कुत्रं उठलं आणि तिच्या ताटाशी नाक घालू लागलं. आतून एक पोरगा ओरडला, ‘ए, पार्टनर भेटला रे हिला!’ आत हशा झाला.

तिनं ताट उचललं. उभी राहिली.

‘बोला जी. मार्क गेले खड्ड्यात.’

मी आत गेलो. पंगतीच्या मधोमध उभा राहिलो. ‘गाडीतून उतरल्यापासून आंघोळ कोणी केली? हात वर करा.’

एकही हात नाही. एक पोरगी फिसकन हसली आणि खाली बघू लागली.

‘सर, तुमचा हात?’

‘काका, ये क्या नाटक है?’

‘हिशेब आहे. बत्तीसपैकी तिघांनी आंघोळ केली. नेमका त्या तिघांचाच वास येऊन राहिला तुम्हाला. नाक आडनावाचा वास घेते काय तुमचं?’

तिघं आत आली. माझी मुलगी सरांच्या शेजारी बसली. सर ताट सोडून उठले. एकोणतीस जणांपैकी एकानंही आमच्या बाजूनं शब्द काढला नाही. उठलंही कोणी नाही. भूक लागली होती त्यांना. एवढीच त्यांची नीती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओहोटी. सर माझ्याकडे न बघता तिघांना म्हणाले, ‘चलो, उतरो.’

‘आज दुसऱ्याईची पाळी, सर,’ मुलगी म्हणाली. ‘उतरलं का पडते आदत.’

कोणी उतरलं नाही. पर्यावरणाचे विद्यार्थी म्हणे! आपापले बूट बघत उभे राहिले. पाणी परत आलं, चिखल झाकला, बाटल्या रिकाम्याच.

मार्क पडले. वर्गात सगळ्यात कमी, त्याच तिघांना. आम्ही तक्रार दिली आहे. प्राचार्य म्हणतात, ‘गैरसमज झाला असेल, मिटवून टाका.’ मिटवणार नाही. इथे ऐकलं नाही तर विद्यापीठात जाऊ. तिथे नाही तर पोलिसात.

माझी धाकटी त्याच कॉलेजात जाणार आहे. तिच्या सहलीलाही मी जाईन. पंगत बसली की सगळ्यात आतली जागा मी धरीन आणि तिला शेजारी बसवीन. ज्याला वास येईल त्यानं आपलं ताट उचलून अंगणात जावं. दगड असेलच तिथे. कुत्रंही असेल.