बोटावरचा भुसा

साडूनं जीप घ्यायची ठरवली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच खोटं कशाला बोलू? दहा वर्षं मी चांद्याला लाकूड कापायच्या आरामशीनवर दुसऱ्याचा ट्रक हाकत होतो, आणि ज्याला ब्रेक कुठल्या पायानं दाबतात ते ठाऊक नाही, तो मालक होणार होता. जीपमधून कुरखेड्याच्या बाजाराची माणसं न्यायची आणि शेतीच्या कटकटीतून सुटायचं, एवढंच त्याचं म्हणणं. बायको तर आठवडाभर एकच गाणं गात होती, "माही बहीन आता मोटरीत बसन."

जीप एका लाकूड ठेकेदाराची, लष्कराच्या लिलावातली. मला दाखवायला साडूनं ती ठेकेदाराच्या ड्रायव्हरकडून थेट आरामशीनवरच आणवली.

"भाऊ, मले यातलं काई समजत नाई. तुमी हो म्हटलं त घेतो, नाई त रामराम."

मी इंजिन पार थंड होऊ दिलं. पहिल्याच हँडलला उठलं. धूर नाही. नाल्यात उतरवून वर काढली, कुरकुर नाही. गाडी जितकी चांगली निघत गेली, तितका मी जळत गेलो. राहिला गिअरबॉक्स. झिजलेल्या गिअरचा आवाज दबावा म्हणून आमच्याकडे विकणारे तेलात सागाचा भुसा टाकायचे. या मुलखात भुशाला काय तोटा? मी खालचा बोल्ट सोडून तेल बोटावर घेतलं. तेल स्वच्छ होतं.

पण हात माझा, आरामशीनवरचा. बाहीला भुसा, नखांत भुसा. त्यातले चार कण तेलाला चिकटले. ते पुसायचे सोडून मी बोट साडूसमोर धरलं.

"भुसा हाय," तो म्हणाला. तोंड एवढंसं झालं त्याचं. मी नुसती मान हलवली.

जीप दुसऱ्यानं घेतली. साडूची शेती दोन वर्षं बुडाली आणि तो माजरीच्या कोळशाच्या खाणीत उतरला.

पुढं एकदा सासुरवाडीला जाताना आम्ही दोघं सडकेवर मोटारीची वाट बघत होतो. खाणीपायी त्याला धड बोलताही येत नव्हतं, खोकला थांबेना. तेवढ्यात तीच जीप माणसांनी भरून समोरून गेली. मी मान खाली घातली. आता हा विचारणार, असं वाटलं.

"पडन एक दिवस बंद," तो खोकत म्हणाला. "तुमी होते म्हनून वाचलो, भाऊ."

मग खांद्यावरचा दुपट्टा झटकून त्यानं माझ्यासाठी दगडावर अंथरला.