उलट्या हाताचा मिस्त्री

मिस्त्री कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावायचे. गरम इंजिन असो, चहाचा ग्लास असो, नाहीतर तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ असो. डोळे मिटायचे, उलटा हात टेकवायचे आणि निकाल द्यायचे.

"तळहाताचं काय खरं न्हाय, मास्तर," ते मला सांगायचे. "काम करून करून मेलेला असतोय. उलटा हात जित्ता असतोय. त्याला फसवता येत न्हाय."

मास्तर म्हणजे मी. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या नव्या पेठेत मी टायपिंगचा क्लास चालवत होतो आणि माझ्या भिंतीला भिंत लावून मिस्त्रींचं गॅरेज होतं. माझे विद्यार्थी मिनिटाला तीस शब्दांच्या पुढे कधी गेले नाहीत. त्याला मिस्त्रींची हातोडी जबाबदार होती, असं मी त्यांच्या पालकांना सांगत असे. खरं कारण मी होतो. क्लास सोडून मी सगळा वेळ गॅरेजात बसलेला असायचो. तुम्हीही बसला असता.

कारण मिस्त्रींचं काम म्हणजे खेळ होता. आणि त्या खेळाचं एक पालुपद होतं. कुणी म्हणालं, "मिस्त्री, ओरिजनल मिळत नसेल तर दुसरं कायतरी बसवा की," तर ते पाना खाली ठेवायचे, टोपी सरळ करायचे आणि म्हणायचे, "अस्सल ते अस्सल. बाकी बँडबाजा." एका माणसाने स्कूटरला टेम्पोचा दिवा लावायला सांगितला, तर मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि स्कूटर तशीच परत पाठवली.

आता त्या गाडीकडे येतो. ती गाडी तुम्ही पाहायला हवी होती, मंडळी. सुताच्या एका जुन्या व्यापाऱ्याची अमेरिकन गाडी. अख्खी पेठ त्यांना मालक म्हणायची. गाडी रस्त्यावर वळायला लागली की समोरच्या दुकानदाराला आपली पायरी आत घ्यावीशी वाटे. पण खरी मौज मागच्या सीटवर होती. डिकीत गार हवेचं मोठं खोकं. तिथून सीटच्या मागून दोन पारदर्शक नळ्या छतापर्यंत चढलेल्या आणि बसणाऱ्यांच्या डोक्यावर दोन गोल जाळ्या. एक मालकांच्या बाजूला, एक मालकीणबाईंच्या. हाताने फिरवाल तिकडे वारा. मे महिन्यात सोलापूर भट्टीसारखं तापलेलं असताना हे जोडपं सिद्धेश्वराच्या तळ्याला चक्कर मारायचं आणि मालकीणबाई शाल पांघरून बसलेल्या असायच्या. मे महिन्यात, सोलापुरात, शाल! लोक नुसती ती शाल बघायला रस्त्यावर थांबायचे.

पुढे ते यंत्र बंद पडलं. कुण्या एका कारागिराने दुरुस्तीसाठी सगळं उघडलं आणि तसंच सोडून दिलं. त्याच साली मालकीणबाई गेल्या. मग गाडीही शेडमध्ये गेली आणि मालकांचं बोलणंही जवळजवळ शेडमध्ये गेलं.

पेट्रोल महागलं तेव्हा मालकांच्या भाच्याला त्या गाडीची आठवण झाली. भाचा म्हणजे कानाखाली उतरलेले कल्ले आणि रस्ता झाडत जाणारी बेलबॉटम. त्याचा बेत पक्का होता. गाडीला डिझेल इंजिन टाकायचं, डिकीतलं खोकं भंगारात घालायचं, त्या जागी सामान ठेवायचं आणि अक्कलकोट-तुळजापूर भाड्याच्या सीटा मारायच्या. खोकं काढायला त्याने मिस्त्रींना बोलावलं. अर्थात मीही गेलो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. गार हवेचा कॉम्प्रेसर गंजून घट्ट बसला होता. त्यांनी उलटा हात टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ.

"मिस्त्री, काढायला बोलावलंय, नाडी बघायला नाही," भाचा म्हणाला.

"मेलेला न्हाय, छोटे मालक. झोपलाय. अक्षय तृतीयेपर्यंत द्या. याच्याच हाडामासानं गाडी गार करून दावतो."

"आणि नाही झाली तर?" भाच्याने विचारलं.

"तर माझ्या हातानं खोलून भंगारात नेऊन टाकतो. डिझेलचं इंजिनबी मीच बसवतो."

मालक दारात उभे होते.  त्यांनी दाराची चौकट धरली होती आणि ती सोडली नाही, एवढं मी पाहिलं. संध्याकाळपर्यंत ही पैज साऱ्या नव्या पेठेला ठाऊक झाली. कुणी सांगितली असेल, हे तुम्ही ओळखलं असेलच.

पहिला प्रश्न होता सुट्या भागांचा. कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवती गॅस अडवणारी एक कडी असते, ती झिजली होती. मुंबईच्या एका भंगारवाल्याला इंग्रजीत पत्र टाइप करायला मिस्त्री माझ्याकडे आले.

"लिव्हा. सलाम. तब्येत कशी हाय. घरची मंडळी बरी हायत का. आमचा कॉम्प्रेसर जरा बीमार हाय."

मी दोन ओळींत कडी मागितली आणि वाचून दाखवलं.

"एवढंच? आन् तब्येत कुटं गेली?"

"इंग्रजीत तब्येत विचारत नाहीत, मिस्त्री."

"म्हणून तर त्यांच्या गाड्या बीमार पडतात," ते म्हणाले.

उत्तर आलं नाही. मग मिस्त्रींनी जुनीच कडी घेतली, माझ्या क्लासमधला आरसा मागून नेला, त्यावर तेलात कालवलेली बारीक पावडर पसरली आणि कडी घासायला बसले. चार दिवस. आठचा आकडा काढत. "इंग्रजी आठ, मास्तर. मराठी आठाचं तोंड उघडं ऱ्हातंय, तितनं गॅस पळून जाईल." शेवटी ती कडी अशी झाली की आरशावरून उचलायला गेलो तर आरसाच वर येऊ लागला.

बाकीचे भाग शोधायला आम्ही मालकांच्या घरात गेलो. तिथे जे घडलं ते मी अजून लोकांना उभं राहून करून दाखवतो. सोलापूरच्या घरात कुठलीही वस्तू फुकट जात नाही. ओसरीवरच्या दिव्याला पट्ट्यापट्ट्यांची झकास टोपी होती. मिस्त्रींनी उलटा हात लावला. "हा खोक्यातला पंखा." स्वयंपाकघरात लाटणी, झारे उभे केलेला काचेसारखा डबा होता. "ही नळी." दुसऱ्या नळीत छत्र्या. गच्चीवर मिरच्या वाळत होत्या, त्या ज्या जाळीवर पसरल्या होत्या, ती खोक्यातली हवा गार करणारी जाळी!

"मालक," मिस्त्री हात जोडून म्हणाले, "गाडी शेडमधी न्हाय. तुमच्या घरात राहतीय."

स्वयंपाकीणबाईंनी नळी सोडायला साफ नकार दिला. "वापरात हाय की ती! माझी लाटणी कुटं ठिऊ, तुमच्या टोपीत?"

"वापरात असू दे. अस्सल ते अस्सल," म्हणत मिस्त्रींनी लाटणी माझ्या हातात दिली आणि नळी काखेत मारली.

जाळीचे वाकलेले पत्रे त्यांनी स्वतःच्या दाढीच्या कंगव्याने एकेक करून सरळ केले. तरी पहिल्यांदा पंखा फिरवला तेव्हा उरलेलं मिरचीचं बी असं काही उडालं की आम्ही दोघे रस्त्यावर बसून शिंकत होतो.

आता एकच भाग उरला. डोक्यावरच्या दोन गोल जाळ्यांपैकी मालकीणबाईंची. कारागिराने ती काढली होती, पण घरात कुठेच नव्हती. मिस्त्री मालकांकडे गेले. मालक उठले, आतल्या खोलीत गेले आणि उशाखालून ती जाळी घेऊन आले.

"ती आपली जाळी नेहमी माझ्याकडे फिरवायची," ते म्हणाले. "मी म्हणायचो, मान गारठली. ती म्हणायची, गारठू द्या." महिन्याभरात मी ऐकलेलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. त्यांनी जाळी पुढे केली. 

मिस्त्रींनी ती घेतली नाही. फक्त उलटा हात लावला. उशाखालची ऊब अजून तिच्यात असावी.

"नक्को, मालक," ते म्हणाले. "ही वापरात हाय."

आणि आम्ही परत आलो. वाटेत मी गप्प होतो, ही गोष्ट नोंद करण्यासारखी. गॅरेजात आल्यावर मिस्त्रींनी शेजारच्या विणकराकडून मोडक्या हातमागाचा सागवानी रूळ मागून आणला, त्याचा तुकडा कापला आणि कानशीने कोरायला लागले. दोन दिवसांनी रुपेरी रंग लावून ठेवली तेव्हा ती जाळी आणि मालकांच्या बाजूची खरी जाळी यांतला फरक मला सांगता येईना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मास्तर, हे कुटं टाइप करू नका."

अक्षय तृतीयेला भर दुपारी गाडी निघाली. मिस्त्री स्टिअरिंगशी, त्यांच्या शेजारी मी. मागे मालक, भाचा आणि भाच्याचे दोन दोस्त. सात रस्त्याचा चौक येईपर्यंत गार वाटलं पाहिजे, ही अट. आणि या शहाण्यांनी काय करावं? मागच्या दोन्ही काचा पार खाली! एक दोस्त तर कमरेपर्यंत बाहेर. नव्या पेठेत ओळखीचा दिसेल त्याला हात. उन्हाच्या झळा इकडून आत, तिकडून बाहेर. मधे बिचारी गार हवा.

"कुठंय गार? घामच येतोय की!" भाचा ओरडला. "मिस्त्री, हरलात!"

"काचा वर घ्या, छोटे मालक."

"काचा वर घेतल्यावर लोकांना आम्ही दिसणार कसे?"

सात रस्ता समोर दिसू लागला. मिस्त्रींच्या मानेवरून घाम ओघळत होता. मालकांच्या भाच्याला हुकूम करणं त्यांच्या जिभेला जमेना. मी घसा खाकरला, एवढीच माझी बहादुरी.

"काचा वर घ्या." हा आवाज मालकांचा होता.

"पण मामा, लोकं..."

"मला लोकांना दिसायचं नाही. वर घे."

काचा वर गेल्या. रिक्षांचे भोंगे, धूळ, ऊन, सगळं बाहेर राहिलं. आणि मग मंडळी, ती थंडी उतरली. आधी टाळूवर, मग मानेवर.  सात रस्ता मागे पडला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाच्याने शर्टाचं वरचं बटण हळूच लावलं. पैजेचा निकाल मी त्या बटणावर वाचला.

मालकांनी हात वर केला आणि शेजारची, मालकीणबाईंची जाळी स्वतःकडे फिरवली. बोटं तिथेच थांबली.

"मिस्त्री, हे तिचं नाही."

मिस्त्रींनी आरशातून मागे पाहिलं. "न्हाय, मालक. लाकडाचं हाय. तिचं उशाला ऱ्हाऊ द्या."

मालकांनी मान हलवली. जाळी मात्र स्वतःकडेच ठेवली. गाडी तळ्याकडे वळवायला त्यांनीच सांगितलं. डिझेल इंजिनाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे मालक गेले. मिस्त्रीही गेले. गॅरेजच्या जागी आता तयार कपड्यांचं दुकान आहे आणि माझ्या क्लासमध्ये इतकी शांतता आहे की शिकवावं लागतं.

परवा पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन पाहायला गेलो, तर समोर तीच गाडी. नवा मालक मोठा हौशी. अभिमानाने सांगत होता, "बघा, एअरकंडिशनचा एकूण एक भाग अस्सल आहे. नकली शोधून दाखवा!" मी आयुष्यात एवढी चांगली गोष्ट पोटात ठेवून कधी गप्प बसलो नव्हतो. पण टाइप करायची नाही म्हणजे नाही. मिस्त्री होते तोवर मी शब्द पाळला होता, आणि आता ही लिहितोय, तर मला माफ करा, मिस्त्री.

त्याने मला मागे बसवलं, काचा वर घेतल्या आणि यंत्र सुरू केलं. मी मालकीणबाईंच्या जाळीखाली हात धरला. उलटा. वारा गार होता, अगदी अस्सल.