खुराड्यातली रेक्झिनची बैठक

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि गादीवाले मागच्या अंगणात बुटक्या स्टुलावर बसून कोंबडीच्या शेपटीखाली फुंकर मारत होते. कोंबडी त्यांच्या मांडीवर उताणी पडली होती, पाय आभाळाकडे. फुंकरीने पिसं बाजूला झाली की खालची कातडी दिसते आणि उवा असल्या तर तिथे पळताना सापडतात. एकही सापडली नाही. गादीवाल्यांनी समाधानाने कोंबडीला सोडलं. ती दोन पावलं गेली, थांबली आणि चोचीने पाठ कुरतडायला लागली.

उवा नाहीत पण खाज आहे, ही बातमी त्यांनी ओरडून स्वयंपाकघरात कळवली. आठवडाभर रोज हीच बातमी येतेय आणि रोज चहा गार होतोय, असं उत्तर आतून आलं.

गादीवाले म्हणजे सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा भरून देणारे कारागीर. घराची पुढची खोली हे दुकान. मागे अंगण, अंगणात सात कोंबड्यांचं खुराडं आणि अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. अंगण दोघांचं असलं तरी अंगणातला शब्द त्यांचाच चालतो.

काही दिवसांपूर्वी अंडं घ्यायला आक्कांनी खुराड्यात हात घातला आणि मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी हात साबणाने धुतला, भावाला बोलावलं, पुरळ दाखवलं आणि खुराड्यात किडे झालेत एवढंच सांगितलं. त्या तीन आठवडे लेकीकडे राहायला जाणार होत्या. परत आल्यावर पुन्हा खुराडं तपासणार. किडे तसेच असतील तर कोंबड्या दुसऱ्या दिवशी अंगणाबाहेर, मग त्या कुणाला द्यायच्या ते भावाने बघावं.

गादीवाल्यांना मूलबाळ नाही. कोंबड्या हीच त्यांची लेकरं, असं कुणी बोललेलं त्यांना आवडत नाही, आणि ते खरंही नाही; त्यांना कोंबड्या आवडतात कारण त्या गिऱ्हाइकांसारखी घासाघीस करत नाहीत. पण दुकान बंद केल्यावर पहिली हाक बायकोला नसून झिपरीला जाते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. झिपरी म्हणजे डोक्यावर विस्कटलेला तुरा असलेली, सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत उद्धट कोंबडी.

दुकानातून औषधाची बाटली आणून फवारायचा सोपा मार्ग होता. गादीवाल्यांनी ती आणलीही, मागचा बारीक मजकूर वाचला आणि परत करून टाकली. दिवसभर रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा वास घेणाऱ्या माणसाला घरात आणखी एक वास नको होता. शिवाय अंडी घरात खायची होती. जे करायचं ते राख-पाल्यावर, असं त्यांनी ठरवलं.

कोपऱ्यावरच्या बेकरीतून भट्टीची राख आली. ती चाळून, कोरड्या मातीत मिसळून जुन्या टायरमध्ये भरली. कोंबड्या त्यात अशा लोळल्या की अंगण धुरकट झालं. उवा गेल्या त्या या राखेनेच. अंडी घालायच्या खोक्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला अंथरला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पिण्याच्या पाण्यात लसूण ठेचून टाकला. कोंबड्यांनी त्या भांड्याकडे पाठ फिरवली. पाणी प्यायला एक कावळा मात्र नेमाने येऊ लागला.

"चला, कावळ्याची तरी सोय झाली," बायको म्हणाली.

इतकं करूनही झिपरीचा तुरा फिकाच होता. सातांमध्ये मिळून रोज जेमतेम दोन अंडी येत होती. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला कुरकुरत. आपल्याच घरी जायला तयार नसलेल्या कोंबड्या गादीवाल्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. सल्ला देऊन देऊन गल्लीही थकली.

दुसऱ्या आठवड्यात एक गिऱ्हाईक सोफा घेऊन आलं. सोफ्यात ढेकूण झाले होते आणि त्याला वरचं कापड बदलून हवं होतं. गादीवाल्यांनी नेहमीचं भाषण सुरू केलं. कापड बदलून काही होत नाही. ढेकूण माणसाच्या अंगावर राहत नाही. माणूस झोपला की येतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत जातो. कुठे जातो? शिवणीत, कडेने शिवलेल्या पायपिंगच्या गोटात, गुंडीच्या खाचेत. जिथे तो झोपतो तिथे हात घातला पाहिजे.

बायको दारात मटार सोलत बसली होती. हे भाषण तिला तोंडपाठ होतं. पण आज तिचे हात मध्येच थांबले. तिने आधी गिऱ्हाईक जाऊ दिलं.

"अहो," ती म्हणाली, "त्यांना सांगितलंत ते बरोबरच. पण कोंबड्यांची शिवण कधी उसवताय?"

कोंबड्या आणल्या तेव्हा गादीवाल्यांनी खुराड्यात बसायची दांडी साधी ठेवली नव्हती. धंद्याची इभ्रत होती. दांडीवर फोम, फोमवर मरून रेक्झिन, कडेने हाताने घातलेली पायपिंग आणि वीत-वीतभर अंतरावर खोल दाबलेल्या गुंड्या. अशी बैठक साहेबाच्या केबिनमध्येही नसेल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोक मुद्दाम बघायला येत. कोंबड्यांवर रोज राख पडत होती, खोक्यांत पाला बदलत होता; बैठक मात्र ते रोज ओल्या फडक्याने वरून पुसत. वरून ती चकचकीत होती.

गादीवाले उठले. ब्लेड घेऊन अंगणात गेले. पायपिंगची पहिली वीतभर शिवण उसवल्यावर आत मिरपुडीसारखं काहीतरी दिसलं. त्यांनी बोट लावलं. मिरपूड चालायला लागली आणि बोटावर रक्ताचा तांबडा फराटा उठला. गुंडीची खाच उघडली, तिथेही तेच. हे किडे उवांसारखे अंगावर राहतच नव्हते. दिवसभर ते मरून रेक्झिनच्या आत आरामात झोपत आणि काळोख पडला की वर बसलेल्या कोंबडीच्या पायावरून चढत.

बायको तिथे हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन हसली, पण भिंत पातळ होती.

उसवायला त्यांना वेळ लागला, कारण स्वतःचं काम फाडायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. रेक्झिन, फोम, गुंड्या सगळं उकळत्या पाण्याच्या पिंपात गेलं आणि तिथून कचऱ्यात. खुराड्याच्या फटींत उकळतं पाणी ओतलं, भिंतींना चुन्याचे दोन हात दिले, सांध्यांत राख ठासली. नवी दांडी रंधा मारून गुळगुळीत केली, एकही खाच नसलेली, आणि किडे चढू नयेत म्हणून टोकांना तेल चोळलं. किड्यांच्या उरलेल्या अंड्यांतून नवे निघतात म्हणून आठवड्याने सगळं पुन्हा केलं. कोंबड्या पहिल्याच संध्याकाळी न बोलावता आत गेल्या होत्या. झिपरीच्या तुऱ्याला हळूहळू लाली चढली.

आक्का ठरल्या दिवशी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोंबड्या खाली उतरायच्या आत, त्या पांढरी चिंधी घेऊन खुराड्यात वाकल्या. दांडीच्या खालच्या अंगाने त्यांनी चिंधी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि उजेडात आणून उलगडली. गादीवाले मागे उभे होते. चिंधीवर धूळ होती, चुना होता आणि एका कडेला, नखाएवढी, तांबडी रेघ होती.

गादीवाल्यांचा चेहरा उतरला. काय काय साफ केलं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण आक्कांनी हात वर केला.

"किती केलंस ते तुझ्या बायकोने फोनवर सांगितलंय मला. तीस वर्षं वॉर्ड बघितलेत मी. अगदी स्वच्छ चिंधी आणून दाखवणारी नर्स चिंधी न फिरवताच आलेली असते." त्यांनी चिंधीची घडी घातली. "राहू देत कोंबड्या. पण दांडी दर आठवड्याला धुवायची, आणि पुन्हा हिच्यावर काही शिवलंस तर बघ."

"उशीसुद्धा नाही," गादीवाले म्हणाले. त्यांनी झिपरीला उचलून घेतलं आणि आक्कांच्या पुढे धरलं. झिपरीने आक्कांच्या पदराला चोच मारली. आक्कांनी आधी झिपरीकडे बघितलं, मग भावाकडे, आणि आजचं अंडं कुठंय ते विचारलं.

उद्या मंगळवार. दांडी बाहेर काढून उकळत्या पाण्याने धुवायची आहे, त्यामुळे गादीवाल्यांचं दुकान नऊऐवजी साडेनऊला उघडेल.