बोरन्हाणातलं एक बोर

गल्लीत सगळे मला अंबाबाईचा मोठा भक्त म्हणतात आणि मीही कधी ते खोडून काढलं नाही. पण आज लिहायला बसलोय तर खरं सांगतो, माझी भक्ती निम्म्याहून जास्त भीतीच होती. देवीसमोर हात जोडले की माझ्या तोंडून आभार कधी निघायचेच नाहीत. नुसत्या मागण्या. हे होऊ देऊ नकोस, ते टाळ, त्याला जप. सौ. म्हणायची, "आईला जरा दुसऱ्यांचंही ऐकू द्या."

माझ्या या भीतीला कारण होतं. मुलाच्या लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आमच्या घरात सई आली, तीही आठव्या महिन्यात. पहिले वीस दिवस पोर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेर उभा राहून तिच्या छातीची वरखाली मोजत होतो. तेव्हाच मी आईला शब्द दिला, हिला सांभाळ, तुझा किरणोत्सव मी एकही चुकवणार नाही. वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात. त्या वर्षी नोव्हेंबरातल्या तिसऱ्या दिवसाला मी नेमानं हजर राहिलो. सई घरी आल्यावर मात्र माझ्या जिवाला स्वस्थता अशी राहिली नाही. विजेच्या प्लगांना चिकटपट्ट्या लावल्या, टेबलाच्या कोपऱ्यांना जुनं धोतर गुंडाळलं, पंख्याचे बोल्ट तपासायला माणूस बोलावला. दृष्ट तर रोजच काढायला लावायचो. सूनबाई हसून म्हणायची, "बाबा, एवढा बंदोबस्त तर मंत्री आल्यावर पण नसतो."

सई अकरा महिन्यांची झाली तेव्हा तिचं पहिलं बोरन्हाण आलं. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत लहान मुलाला पाटावर बसवायचं, अंगावर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे असं सगळं ओतायचं. मुलाला वर्षभर कसली बाधा होऊ नये, हा त्यातला हेतू. बायकांना हळदी-कुंकवालाही त्याच दिवशी बोलवायचं ठरलं आणि नेमका तो किरणोत्सवाचा तिसरा दिवस निघाला. मी कुरकुर केली. सौ. म्हणाली, "नातीचं पहिलं बोरन्हाण टाकून जाणार असाल तर खुशाल जा." अशा वाक्यानंतर कोण जातं? मी राहिलो, पण मनातून धास्तावलो. दिलेला शब्द पहिल्यांदा मोडत होतो.

बोरं आणायचं काम माझ्याकडे होतं. हल्ली बाजारात सफरचंदाएवढी बोरं येतात. पोरीची टाळू अजून पुरती भरली नव्हती, तसलं बोर डोक्यावर पडलं तर काय होईल, या विचारानं मला घाम फुटला. म्हणून मी शोधून शोधून गावठी बोरं घेतली, बारीक, गोल, गुळगुळीत. एकेक हातात फिरवून पाहत होतो. शेवटी बोरंवाली वैतागली. "ओ मास्तर, बोरं निवडतायसा का जावई?" मी घरी आल्यावर सौ.ला अभिमानानं पिशवी दाखवली. तिनं एक बोर स्वतःच्या डोक्यावर टाकून पाहिलं आणि म्हणाली, "अजिबात लागत नाही." आम्ही दोघं शहाणे त्या दिवशी एवढ्यावर समाधानी होतो.

इथे एक सांगायला हवं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर अन्ननलिका हिरव्या खडूनं आणि श्वासनलिका लाल खडूनं काढायचो. घास चुकून दुसऱ्या वाटेला गेला तर काय होतं हे मी शेकडो मुलांना समजावलं असेल. पण पिशवीतलं ते बोर आणि फळ्यावरची ती लाल रेघ यांची गाठ माझ्या डोक्यात काही पडली नाही.

त्या दिवशी आणखी एक वैताग होता. गॅस संपून तीन दिवस झाले होते आणि सिलिंडर येत नव्हता. सकाळी मी गाडीवाल्याला फोन करून चांगलाच झाडला. "घरात पंधरा बायका येणार, चहा काय डोक्यावर उकळू?" तो शांतपणे म्हणाला, "येतो की पावणं. आज येतोच."

पाचनंतर बायका जमल्या. सईला पाटावर बसवलं. आमच्या घराचं दार पश्चिमेला आहे. त्यावरून जो येतो तो नाक मुरडतो आणि मीही त्याची धास्ती घेऊन वास्तूवाल्याकडे दोन खेपा घातल्या होत्या. मुलगा मोबाइलवर चित्रण करत होता. दारातून येणाऱ्या उन्हानं चित्र पांढरं पडतंय म्हणून त्यानं दार लावून घेतलं आणि दिवा लावला. ओतायला सुरुवात झाली. बोरं पाटावरून घरंगळत होती, पोरंटोरं वेचत होती, बायका टाळ्या वाजवत होत्या. मी मागे खुर्चीत बसून घड्याळ बघत होतो. आत्ता किरणं उंबऱ्यावर आली असतील, आत्ता गाभाऱ्याकडे निघाली असतील.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "ओ पावणं, सिलिंडर!" मी चडफडत उठलो आणि दार उघडलं. उन्हाची तिरीप माझ्या बाजूनं सरळ आत गेली. मी तिच्यामागे मान वळवली, तर ती बरोबर सईच्या तोंडावर पडली होती. पोरीचे ओठ निळसर झाले होते. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले आणि आवाज काहीच नाही. तिच्या दोन्ही बाजूंना बायका हसत होत्या आणि ती हाताच्या मुठी आवळून मुकाट बसली होती. आजवर मला वाटायचं, मुलाच्या घशात काही अडकलं की ते खोकेल, रडेल, आपल्याला कळेल. पण श्वासच नसेल तर रडणार कशानं?

मी ओरडलो. मग एकच कल्लोळ झाला. सौ.नं पोरीला उचलून तिच्या तोंडात बोट घातलं. कुणी म्हणालं पाणी पाजा, कुणी म्हणालं पाय धरून उलटी करा. मुलाच्या हातातला मोबाइल खाली पडला. मी काय केलं? काहीही केलं नाही. दाराला धरून उभा राहिलो आणि आई, आई म्हणत राहिलो.

माझ्यामागे धाडकन आवाज झाला. खांद्यावरचा सिलिंडर पायरीवर टाकून तो गाडीवाला आत घुसला. "बोट काढा पयलं! आत जाईल! पोरगी हिकडं द्या!" त्याच्या आवाजात असं काही होतं, की सौ.नं पोर त्याच्या हाती दिली. तो उंबऱ्यावरच बसला. सईला त्यानं डाव्या हातावर पालथं घेतलं, बोटांनी तिची हनुवटी धरली, डोकं खाली राहील असा हात मांडीवर टेकवला आणि तळहाताच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर थापा दिल्या. पाच. काही झालं नाही. मग तिला उताणं केलं आणि दोन बोटांनी छातीच्या मधोमध दाबलं, तेही पाच वेळा. परत पालथं घेतलं. मी थापा मोजत होतो. एक. दोन. तिसऱ्या थापेला ते बोर फरशीवर पडलं, मीच निवडून आणलेलं, बारीक आणि गुळगुळीत. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही आणि मग सईनं असं भोकाड पसरलं की शेजारची माणसं धावत आली.

सूनबाई तिला छातीशी धरून गप्प गप्प म्हणू लागली. तो म्हणाला, "गप करू नगासा. रडू दे. रडतीया म्हंजे श्वास हाय." मग माझ्याकडे वळून बोलला, "दवाखान्यात दावून आणा लगेच. सालपट राहिलं आसंल तर डाक्टर बघत्याल."

आम्ही तसेच निघालो. डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं ठीक होतं. परत आलो तेव्हा सिलिंडर स्वयंपाकघरात जोडलेला होता आणि माणूस गेलेला होता. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोदामाशी जाऊन त्याला गाठलं. तो सावलीला बसून भाकरी खात होता. कबनूरचा माणूस, चाळिशीचा. मी त्याचे हात धरले आणि रडलो, मला लाज वाटली नाही. हे कुठे शिकलात, असं विचारल्यावर त्यानं भाकरी खाली ठेवली. "माझ्या थोरल्याला शेंगदाणा अडकलता. दीड वर्साचा हुता. आमीबी बोटच घातलं. कुणालाच काय येत न्हवतं." त्यानं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. "तो गेल्यावर आरोग्य केंद्रातल्या बाईंकडनं शिकून घेतलं. घरची हसायची, आता शिकून काय उपेग? मलाबी कळत न्हवतं. काल कळलं."

सिलिंडर तीन दिवस आधी आला असता, दार उघडायला मी उठलो नसतो, तर? हे सगळं कुणी घडवलं असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. मला जे वाटतं ते मी देवीला सांगितलंय. पण त्या माणसाच्या हातात ती विद्या यायला त्याला काय गमवावं लागलं, हे आठवलं की माझी झुकलेली मान आणखी खाली जाते. मी वर्षभर आईकडे पोरीचं रक्षण मागत होतो आणि स्वतः एक साधी गोष्ट शिकायला गेलो नव्हतो. देवीवर भार टाकायचा म्हणजे आपले हात रिकामे ठेवायचे, असा माझा समज होता.

पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदी-कुंकू झालं तेव्हा सौ.नं वाण वेगळं लुटलं. तो गाडीवाला त्याच्या बायकोला घेऊन आला आणि त्यानं सईच्या बाहुलीवर प्रत्येकीकडून थापा देऊन घेतल्या. आधी बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मग ओळीनं बसून शिकल्या. वर्षावरच्या मुलाला कसं धरायचं तेही त्यानं दाखवलं. मी फळा काढून लाल खडूनं रेघ ओढली आणि या वेळी बोर, शेंगदाणा, आख्खं द्राक्ष, बटणाएवढा सेल अशी एकेक वस्तू तिच्याशेजारी लिहिली. बोरं सुपात भरून देवीपुढे ठेवली. सईच्या डोक्यावरून झेंडूच्या पाकळ्या ओतल्या आणि त्याही लगेच झाडून घेतल्या. पायरीची फरशी सिलिंडरनं फुटली होती. ती मी अजून बदललेली नाही.

त्यानंतरच्या किरणोत्सवाला तिसऱ्या दिवशी मी सईला खांद्यावर घेऊन देवळात गेलो. गर्दी दाटली होती. किरणं सरकत सरकत आईच्या मुखाकडे आली, घंटा थांबल्या, सगळा मंडप श्वास रोखून उभा राहिला. नेमकी तेव्हाच सई गर्दीला घाबरून मोठ्यानं रडायला लागली. चार माणसांनी वळून डोळे वटारले. एक बाई म्हणाली, "अवो आजोबा, गप करा की पोरीला." मी देवीकडे पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्याकडे काही मागायचं नव्हतं.

"रडू दे," मी म्हणालो, "रडू दे तिला."